शेवंतीचा कौल

ऑक्टोबर जवळ आला की अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या आमच्या घरात दोन गोष्टी एकदमच सुरू व्हायच्या, आईचं नवरात्र आणि बाबांची भट्टी. भट्टी म्हणजे तळघरातला फर्नेस. तो पहिल्यांदा पेटला की वर्षभराची धूळ जळल्याचा एक करपट वास घरभर सुटायचा आणि जमिनीतल्या जाळ्यांतून गरम वारा यायचा. त्यातली एक जाळी नेमकी जेवणघराच्या त्या कोपऱ्यात होती, जिथे आई घट बसवायची. जुन्या टीव्हीच्या टेबलावर पाटाऐवजी फळी, फळीवर परसातली काळी माती, मातीत हेल्थ फूडच्या दुकानातून आणलेले गहू, मध्ये तांब्याचा कलश आणि मागे देवीची काचेची तसबीर. शेजारी नऊ दिवस अखंड दिवा. धुराचा अलार्म बोंबलू नये म्हणून बाबा त्याला आईची आंघोळीची प्लॅस्टिकची टोपी घालून ठेवायचे, आणि नऊ दिवस छतावरून कुणी म्हातारी डोकावते आहे असं वाटायचं.

"अहो, ती भट्टी बंद करा, दिवा फडफडतोय," असं आई स्वयंपाकघरातून म्हणायची.

"अगं, देवीलाही थंडी वाजत असेल," बाबा म्हणायचे आणि थर्मोस्टॅटचं चाक दोन रेषा खाली आणायचे. आई दुसऱ्या खोलीत गेली की परत वर. इंजिनियर माणूस, देवाशी भांडण नाही आणि फारशी ओळखही नाही, असा त्यांचा कारभार होता. आरतीला मात्र टाळ तेच वाजवायचे, कारण दुसऱ्या कुणी ताल चुकवलेला त्यांना खपत नसे.

आई कोकणातल्या एका लहान गावची. तिच्या माहेरून रोज देवळात माळ जायची आणि ती बांधायचं काम लहानपणापासून तिच्याकडे होतं. फूल केवढंही असो, देठ कितीही आखूड असो, आईने दोऱ्यात धरलं की धरलं. ती नेहमी निरगाठ मारायची. मिशिगनमधे आल्यावर फुलं कमी झाली, पण गाठी तशाच राहिल्या. वाण्याकडून आणलेली पिशवी तिने बांधून ठेवली की आम्हाला कात्री लागायची. भाजी चिरता चिरता ती तिच्या गावच्या कौलाच्या गोष्टी सांगायची. गावात कुणाला काही ठरवायचं असलं, म्हणजे लग्न, गाय, नाहीतर मुंबईची नोकरी, तर गुरव देवीच्या अंगावर फूल लावायचा. देवीच्या उजव्या अंगाने पडलं तर होकार, डाव्या अंगाने पडलं तर नकार. "मला शाळेच्या गॅदरिंगमधे नाचात घेतलं होतं," ती एकदा म्हणाली, "तेव्हा आमच्या आप्पांनी गुरवाला कौल लावायला सांगितला. डावा पडला." मग तिने दुधी चिरून पाण्यात टाकला आणि मला गणिताचं विचारलं. मला ती गोष्ट तेव्हा गमतीची वाटली होती. नाचायला जायचं की नाही हे फुलाला विचारायचं म्हणजे काय.

होमकमिंग ही काय भानगड आहे, ते घरी समजावून सांगायची पाळी माझ्यावर आली तेव्हा मी अकरावीत होते. आम्ही अमेरिकेत आलो तेव्हा मी दहा वर्षांची, त्यामुळे घरातली दुभाषी मीच. मी सांगितलं, की जुने विद्यार्थी शाळेत परत येतात, फुटबॉलची मॅच असते, मिरवणूक निघते. बाबांनी लगेच आईला सोपं करून दिलं, "अगं, माजी विद्यार्थ्यांचं माहेरपण." आईला हे फार आवडलं. "चांगली पद्धत आहे. ओटी भरतात का त्यांची?" असं तिने अगदी मनापासून विचारलं. पण माहेरपणाच्या रात्री जिममधे नाच असतो, आणि नाचाला मुलगा मुलीला घरून घेऊन जातो, इथवर मी आले तेव्हा माहेरपणाचा गोडवा संपला.

मुलाचं नाव ग्रेग. बँडमधे तो आणि मी शेजारी शेजारी क्लॅरिनेट वाजवायचो. उंच, किडकिडीत, मानेवर कायम लाल पुरळ, आणि बोलायच्या आधी दोनदा घसा साफ करायची सवय. त्याने मला विचारलं ते क्लॅरिनेटमधली थुंकी झटकता झटकता. "तुला अजून कुणी विचारलं नसेल तर," असं त्याचं वाक्य सुरू झालं आणि तिथेच संपलं. मला कुणीही विचारलेलं नव्हतं, विचारण्याची शक्यताही नव्हती, पण मी जरा विचार केल्यासारखं केलं. आता माझी साठी जवळ आली आहे, आणि त्यानंतर मला बऱ्याच लोकांनी बऱ्याच गोष्टी विचारल्या, पण त्या अर्ध्या वाक्याइतकं सुख फार कमी वेळा झालं.

बाबा म्हणाले, "जाऊ दे की. बँडमधला मुलगा आहे, तालात तरी असेल." आई म्हणाली, "बघू." आमच्या घरात 'बघू' हा नकाराचा धाकटा भाऊ होता. त्यात होमकमिंगचा शनिवार नेमका नवरात्रात आला होता आणि त्या संध्याकाळी आईचा भोंडला होता. दिवा एकटा ठेवायचा नाही म्हणून त्या नऊ दिवसांत आईचं जाणंयेणं बंद, त्यामुळे गावातल्या साऱ्या काकू आमच्याकडे यायच्या. तळघरात फर्नेसच्या बाजूला खुर्चीवर पुठ्ठ्याचा हत्ती ठेवून त्याच्याभोवती नायलॉनच्या साड्यांतल्या काकू फेर धरायच्या. नाचायला आमच्या घरात बंदी नव्हती, फक्त मध्ये हत्ती पाहिजे होता. मी पंधरा दिवस आईच्या मागे लागले. "आई, प्लीज. आय विल बी बॅक बाय टेन थर्टी." ती बघू म्हणायची, आणि एकीकडे सेलमधून आणलेल्या माझ्या निळ्या सॅटिनच्या ड्रेसला तिच्या एका जुन्या साडीच्या काठाच्या बाह्या लावत बसायची. नकार द्यायचा असेल तर बाह्या कशाला, असं मला वाटायचं, आणि जाऊ द्यायचं असेल तर एवढ्या लांब कशाला, असंही वाटायचं.

त्या आठवड्यात एका पहाटे दंव पडलं आणि परसातला झेंडू एका रात्रीत काळा झाला. देवीच्या माळेला फुलं नाहीत म्हटल्यावर आई कासावीस. शनिवारी सकाळी तिने बाबांना बजावलं, "दुकानातून पिवळी फुलं आणा, विसरू नका." बाबा बाहेर गेले, दूध आणलं, पानं गोळा करायचं नवं दाताळं आणलं आणि फुलं विसरले. मी मॅचला गेले होते. दुपारी आमच्या दारात ग्रेगची आई आली. होमकमिंगला मुलगा मुलीला फूल देतो, पिवळीधमक मोठी शेवंती, तिला निळ्या रिबिनी आणि मध्ये तारेने वळवलेलं शाळेच्या नावाचं पहिलं अक्षर. ग्रेग मॅचहून घाईत येणार म्हणून ती बाई फुलाचा डबा आधीच देऊन गेली. तो बाबांनी घेतला. "फ्रिजमधे ठेवा," असं तिने सांगितलं, तो त्यांनी फ्रिजमधे ठेवला, आणि परत जाऊन अंगणात पानं ओढत रेडिओवर मॅच ऐकू लागले.

तासाभराने आईने ताकासाठी फ्रिज उघडला. तिने अंगणाचं दार उघडून हाक मारली, "अहो, आणलीत की हो शेवंती. आणि किती टपोरी." लग्नाला अठरा वर्षं झाली होती, आणि फुलांच्या बाबतीत बाबांचं हे पहिलंच कौतुक. पुढे बाबा मला सांगायचे, "मला वाटलं, हिने स्वतःच कुठूनतरी मागवली आणि विसरली. उगाच कशाला वाद घाला." मला ते कधीच पटलेलं नाही. माझ्या मते त्यांना सगळं समजलं होतं, पण अठरा वर्षांनी मिळालेलं कौतुक परत करायला मन होईना. काहीही असो, ते दाताळ्यावर हनुवटी टेकून नुसते हसले. आईने ती शेवंती दोऱ्यात ओवायला घेतली तर ती पडली जड. म्हणून तिने ती तसबिरीच्या माथ्यावर मधोमध बांधली. तारेचं अक्षर काढायला गेली तर पाकळ्या सुटायला लागल्या. दुकानाची काहीतरी खूण असेल, म्हणून तिने ते राहू दिलं. हळदकुंकू वाहिलं, नमस्कार केला. अशा रीतीने त्या दिवशी आमची अष्टभुजा देवी सिंहावर बसून आमच्या शाळेचं अक्षर मिरवत होती.

मॅच आम्ही हरलो. मी घरी येऊन न्हाले, केसांना अर्धी बाटली स्प्रे मारला, बाह्यांचा ड्रेस घातला. तळघरातून फेराचा आवाज येत होता. आईने अजून हो म्हटलेलं नव्हतं, आणि मी आता विचारायचंच नाही असं ठरवलं होतं. बेल वाजली तेव्हा काकू मंडळी तळघरातच खिरापत ओळखत होती. खिरापत म्हणजे भोंडल्याचा झाकून ठेवलेला खाऊ, ओळखल्याशिवाय मिळत नाही. बेलचा आवाज ऐकून सगळ्याजणी वर आल्या. पाहुणा बघायचा म्हटल्यावर खिरापत थांबू शकते.

ग्रेग त्याच्या वडिलांच्या कोटात उभा होता. दारातल्या चपलांचा ढीग बघून त्याने कुणी न सांगता बूट काढले आणि ते कुठे ठेवायचे हे न कळल्यामुळे हातात धरले. त्याने दोनदा घसा साफ केला आणि मला विचारलं, "फूल मिळालं ना? आईने दिलं होतं."

मी बाबांकडे बघितलं. बाबा धुराच्या अलार्मकडे बघत होते. मग माझी नजर कोपऱ्यात गेली.

"आई, ते माझं फूल आहे."

"तुझं कसं? यांनी आणलंय."

बाबा म्हणाले, "म्हणजे, आणलं असं नाही. आलं."

पुढची काही मिनिटं बाबांना बरीच वाईट गेली. पण आईचा राग त्यांच्यावर फार वेळ टिकला नाही, कारण खरी अडचण वेगळीच होती. देवाला वाहिलेलं फूल उतरवायचं नाही. दुसऱ्या दिवशी त्याचं निर्माल्य होतं, तेव्हा ते काढायचं. मी म्हटलं, राहू दे फूल, मी तशीच जाते. एवढ्यात शैलाकाकू पुढे झाल्या. शैलाकाकू वाईट नव्हत्या. आम्ही नवीन आलो तेव्हा पहिल्या बर्फात आईला गाडीत घालून बूट घ्यायला त्यांनीच नेलं होतं. पण गावातल्या सगळ्या मुली आपल्याच पदरात आहेत असं त्यांना वाटायचं.

"सुमन, हे बघ," त्या आईला म्हणाल्या. "मुलाने दिलेलं फूल देवीने स्वतःकडे घेतलं. याच्यापुढे आपण काय बोलणार? राहू दे नीलाला घरी. फुगडी घालेल आमच्याबरोबर."

बाकीच्या काकूंनी माना डोलावल्या. त्या मानांचं वजन आज कुणाला सांगून कळायचं नाही. त्या गावात आईला मराठी बोलायला एवढीच माणसं होती. आईने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्या बाह्यांकडे पाहिलं. मला कळलं, की 'बघू'चं आता 'नाही' होणार, आणि तेही देवीच्या नावाने, म्हणजे पुढच्या वर्षीही तेच. मला रडू फुटायला लागलं आणि डोळ्यांतला काळा रंग ओघळेल म्हणून मी छताकडे बघत राहिले. छतावर ती टोपी घातलेली म्हातारी होती.

आई म्हणाली, "कौल लावू."

आईने शांतपणे सांगितलं, की आरतीपर्यंत फूल देवीच्या उजव्या अंगाने पडलं तर नीला जाईल. डाव्या अंगाने पडलं किंवा पडलंच नाही, तर घरी राहील. मग ती आमच्याकडे पाठ करून दिव्यापाशी गेली, तेल घातलं, वात सारखी केली, तसबीर पदराने पुसली, आणि मागे येऊन हात जोडून उभी राहिली. मला आईच्या निरगाठी माहीत होत्या. ते फूल आरतीपर्यंत काय, थँक्सगिव्हिंगपर्यंत पडलं नसतं.

ग्रेगने हळूच विचारलं, "काय चाललंय?"

"मी जाऊ का, ते तिला विचारतोय," मी तसबिरीकडे बोट दाखवून म्हटलं.

त्याने देवीकडे बघितलं. आठ हात, त्यांतली शस्त्रं, सिंह. त्याने बूट खाली ठेवले, आईसारखे हात जोडले आणि डोळे मिटले. त्याने तिला काय सांगितलं ते मी नंतर गाडीत विचारलं. म्हणाला, "सांगितलं, की साडेदहाला परत आणून सोडतो."

सगळ्यांचे डोळे फुलावर, म्हणून पॅसेजमधे सरकलेले बाबा फक्त मला दिसले. त्यांनी थर्मोस्टॅटचं चाक भराभर फिरवलं. खाली भट्टी धडधडली. जाळीतून गरम वारा आला, दिवा फडफडला, शेवंतीच्या निळ्या रिबिनी हलल्या. फूल जरासं कललं, तसंच थांबलं, आणि मग देवीच्या उजव्या हाताच्या तलवारीवरून घसरत खाली गव्हाच्या अंकुरांत येऊन पडलं.

शैलाकाकूंनी कानशिलांना हात लावून नमस्कार केला. देवीशी वाद घालण्यातल्या त्या नव्हत्या. आईने फूल उचललं. आता तो प्रसाद झाला होता, अंगावर घ्यायला काहीच हरकत नव्हती. ग्रेगला ते माझ्या खांद्यावर लावायचं होतं, पण टाचणी त्याच्याच बोटात गेली. शेवटी आईने लावलं. पाकळ्यांवर हळदकुंकू तसंच होतं. काकू आता मऊ झाल्या होत्या. खिरापत ओळखल्याशिवाय जायचं नाही, असा शैलाकाकूंनी हुकूम सोडला. खाली सगळ्याजणी साटोऱ्या, अनारसे, नारळीपाक असं काय काय म्हणून थकल्या होत्या. ग्रेगने घसा साफ केला आणि विचारलं, "पोटॅटो?" बटाट्याच्या काचऱ्याच होत्या. त्या त्याला फॉइलमधे बांधून मिळाल्या.

नाचाबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे. जिममधे क्रेपच्या पट्ट्या लावल्या होत्या, फळांच्या रसाचा पंच फार गोड होता, आणि गाणी इतकी मोठ्याने की दोनदा घसा साफ करूनही ग्रेगचं बोलणं ऐकू येत नव्हतं. तो बँडच्या कवायतीसारखी पावलं टाकत होता आणि मी नकळत गोल फिरत होते. मध्ये हत्ती नाही एवढंच. फुलावरचं लाल काय आहे, असं मुली विचारत होत्या. मी म्हटलं, आमच्याकडे असंच असतं. मी फार सुखात होते. साडेदहाला त्याने मला दारात आणून सोडलं, तेव्हा आई दिव्यापाशी बसलेली होती. "आलीस? जेवलीस का?" एवढंच तिने विचारलं. ग्रेग पुढे दुसऱ्याच मुलीबरोबर प्रॉमच्या नाचाला गेला आणि मला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. बँडमधे शेवटपर्यंत आम्ही शेजारी शेजारी वाजवलं.

बाबांनी मात्र ती गोष्ट पुढे मंडळाच्या प्रत्येक गणपतीत सांगितली, अर्थात आई आणि शैलाकाकू खोलीत नसताना. त्यांच्या गोष्टीत ते थर्मोस्टॅट दरवेळी थोडं जास्त फिरवायचे. मीही ती तशीच ऐकली आणि तशीच माझ्या मुलीला सांगितली. देवी, शेवंती आणि आजोबांची भट्टी.

माझी मुलगी तिच्या होमकमिंगला निघाली, त्या संध्याकाळी आईबाबा आमच्याकडे न्यू जर्सीला आले होते. बाहेर हॉलमधे बाबांनी नातीला तीच गोष्ट रंगवून सांगितली. स्वयंपाकघरात आई भरली कारली बांधत होती. प्रत्येक कारल्याला दोऱ्याचे वेढे आणि वर गाठ. मी शेजारी उभी राहून बघत होते. यावेळी तिने मारलेली गाठ निरगाठ नव्हती.

"ही सुरगाठ," आई म्हणाली. "जेवताना सोडायला बरी. एक टोक ओढलं की झालं." तिने ओढून दाखवलं. दोरा सरसर सुटून तिच्या बोटांत आला. मग हॉलच्या दिशेने मान उडवून ती म्हणाली, "यांच्या भट्टीने मी बांधलेली एक पाकळीसुद्धा हलली नसती."

मला कळायला जरा वेळ लागला. त्या भोंडल्याच्या संध्याकाळी दिव्यात तेल घालायला गेलेली तिची पाठ मला दिसली, तसबीर पुसणारा पदर दिसला.

"म्हणजे तू निरगाठ सोडून सुरगाठ मारलीस? आणि टोक ओढून ठेवलंस?"

"थोडंसं. आणि फूल जरा उजव्या अंगाला लवतं केलं. बाकीचं त्याच्या वजनाने झालं."

"आई, म्हणजे देवीला फसवलंस?"

"फसवलं कुठे? तिच्यादेखतच सोडली गाठ. तिला नको असतं तर दिवा विझवला असता तिने."

"मग बाबांना इतकी वर्षं बोलू का दिलंस?"

"फुलंही त्यांनीच आणली होती ना," आई हसून म्हणाली. हॉलमधून बाबांचा आवाज येत होता. त्यांच्या गोष्टीतली भट्टी आता धडधडायला लागली होती. आईने तो सुटलेला दोरा सरळ केला.

"माझ्या वेळी फूल गुरवाने लावलं होतं," ती म्हणाली, आणि तिने पुढचं कारलं हातात घेतलं.